झोकांड्या जाणारा प्रत्येक माणूस प्यायलेला नसतो

पत्र

डॉक्टर मॅडम, आम्ही हर्णैजवळचे. माझे सासरे, आम्ही त्यांना बाबाच म्हणतो, वय ६७. चाळीस वर्षं तांडेल म्हणून होडीवर काढली, एकदाही बोट लागली नाही. गेल्या शिमग्याच्या सुमारास पहाटे कूस बदलताना एकदम ओरडले, "घर फिरतंय, मला धरा." उलटी झाली. तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीनदा असं होतं. आडवं होताना, वर बघताना, खाली वाकून जाळं उचलताना.

एका डॉक्टरांनी पित्त सांगितलं. दुसऱ्यांनी मानेचे मणके झिजलेत म्हणून एक्स-रे काढून गळ्याला पट्टा दिला. मग मुंबईला नेऊन डोक्याचा एमआरआय केला, तो नॉर्मल आला. अकरा महिने रोज दोन वेळा चक्करची गोळी चालू आहे. मध्यंतरी पडवीच्या पायरीवरून पडले आणि मनगट मोडलं. दोन महिन्यांपासून उजवा हात थरथरतो, जाळं शिवताना सुई धरता येत नाही, पाय घासत चालतात. वहीत लिहिलेला खर्च ६१ हजारांवर गेलाय.

बाबांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. तरी बंदरावर लोक म्हणतात, म्हातारा सकाळीच घेऊन येतो. त्यांनी आता लिलावाला जाणंच सोडलंय. तीन गोष्टी विचारायच्या होत्या. हा आजार इतका विरळा आहे का, की कुणालाच कळत नाही? धाकटे दीर म्हणतात मोठ्या हॉस्पिटलात दाखल करून सगळ्या तपासण्या पुन्हा करू, त्यासाठी होडीचं इंजिन विकायला काढलंय. विकावं का? आणि बाबा रोज विचारतात, पुन्हा होडीवर जाता येईल का? त्यांना काय सांगू?

उत्तर

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमच्या तीन प्रश्नांकडे वळण्याआधी एका ओळीवर थांबले. ती ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे, पण मला तीच सगळ्यात तातडीची वाटते. हात थरथरतो आणि पाय घासत चालतात.

घरात गोळ्यांचं पाकीट असेल ते आत्ता हातात घ्या आणि ब्रँडच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. तिथे सिनारिझिन, फ्लुनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन यांपैकी एखादं नाव असेल, तर बाबांच्या हाताची थरथर त्या गोळीचीही असू शकते. ही औषधं मळमळ आणि गरगर दाबतात. चक्करच्या जोरदार झटक्यात चार-पाच दिवस द्यायला ती चांगली आहेत. महिनोन्‌महिने घेतली, आणि माणूस साठीच्या पुढचा असला, की ती मेंदूतल्या डोपामिनच्या, म्हणजे हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या रसायनाच्या, कामात आडवी येतात. हात कापतो, चाल मंदावते, चेहरा निर्विकार होतो. बघणाऱ्याला वाटतं कंपवात झाला. मग कंपवाताची वेगळी गोळी सुरू होते आणि पहिली गोळी तशीच चालू राहते. गोळीमुळे आलेली थरथर गोळी थांबवल्यावर बहुतेक वेळा उतरते, पण त्याला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. म्हणून याच आठवड्यात ते पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा, "ही अकरा महिने चालू आहे, हात कापायला लागलाय, ही थांबवायची का?" पाकिटावर बीटाहिस्टिन लिहिलं असेल तर त्याने हात कापत नाहीत, पण पुढे मी जे सांगणार आहे त्यावर तिचा उपयोगही नाही. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चालू असेल तर ती मात्र मनाने बंद करू नका.

आता चक्करकडे येते. आपल्याकडे "चक्कर" हा एकच शब्द डॉक्टरांपुढे ठेवला जातो आणि तिथेच निम्मी गडबड होते. खरं तर आपल्या भाषेत यासाठी नेमके शब्द आहेत. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, ती वेगळी. तिथे आडवं असताना आणि उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी रक्तदाब मोजायचा असतो, वरचा आकडा २० ने उतरला तर कारण तिथेच सापडतं. डोकं ठीक असतं पण चालताना तोल जातो, ते वेगळं. तिथे पाय, मज्जातंतू, साखर, नजर बघायची. आणि घर गरगर फिरतं ते आणखी वेगळं. तुम्ही लिहिलंय "घर फिरतंय". तेही कूस बदलताना, वर बघताना, वाकताना. हे शब्द तुम्ही पहिल्या डॉक्टरांपुढे उच्चारलेही असतील, पण रांग मोठी असते, आणि "चक्कर येते" एवढं ऐकून कागदावर पेन चालू होतं.

कान फक्त ऐकायला नसतो. आतल्या कानात गवंड्याची दोन हत्यारं आहेत असं समजा, पाणसळ आणि ओळंबा. तीन अर्धगोल नळ्या पाणसळीसारख्या. त्यांत पाणी असतं, डोकं वळलं की ते हलतं आणि मेंदूला कळतं कुठे वळलो. शेजारी दोन बारीक पिशव्या आहेत, त्या ओळंब्याचं काम करतात, खाली कुठे आणि वर कुठे ते सांगतात. या पिशव्यांमध्ये चिकट थरावर अतिशय सूक्ष्म खडे बसलेले असतात. खडे कशाचे, तर कॅल्शियम कार्बोनेटचे. शिंपला ज्याचा बनतो, त्याचेच.

तुमच्या घरात हे समजवायला मला फार कष्ट पडू नयेत. ढोमी किंवा घोळ साफ करताना डोक्यात दोन पांढरे टणक खडे निघतात, ते तुम्ही शेकडो वेळा पाहिले असतील. ते माशाच्या कानातले खडे. पाण्यात मासा सरळ राहतो, वरखाली ओळखतो, त्यात त्या खड्यांचा वाटा असतो. माणसाचे खडे धुळीएवढे बारीक, पण काम तेच.

वयाने किंवा डोक्याला मार लागून, कधी काहीच कारण नसताना, यातले काही खडे जागा सोडतात आणि घरंगळत एखाद्या नळीत शिरतात. बहुतेक वेळा मागच्या नळीत, कारण झोपल्यावर ती सगळ्यात खाली येते. मग माणूस कुशीवर वळला की नळीतले खडे घसरतात, पाणी ढकललं जातं, आणि मेंदूला निरोप जातो, "गरागरा फिरतोय." डोळे सांगतात, फिरत नाहीये. या भांडणातून गरगर आणि उलटी येते. साधारण मिनिटाच्या आत खडे स्थिरावतात आणि सगळं थांबतं. पुन्हा वळलं की पुन्हा. बोट लागते तेव्हाही कान आणि डोळे यांच्यातलंच भांडण असतं, म्हणून तुमच्या तांडेलाला आयुष्यात कधी न झालेली उलटी घरातल्या खाटेवर झाली. डॉक्टरी भाषेत याला बीपीपीव्ही म्हणतात. तपासल्याशिवाय मी शिक्का मारणार नाही, पण तुमच्या पत्रातली प्रत्येक खूण तिकडे बोट दाखवते.

आणि आता तुमचा पहिला प्रश्न. विरळा? ताई, हा विरळा असता तर मी आज हे पत्र छापलं नसतं.

जर्मनीत घरोघरच्या माणसांना फोनवर सविस्तर विचारून अभ्यास झाला. त्यात आयुष्यात कधीतरी कानाच्या तोलाच्या यंत्रणेतली गरगर आलेले प्रौढ शंभरात सातच्या वर निघाले, आणि बायकांमध्ये प्रमाण पुरुषांच्या अडीचपटीहून जास्त. केवळ या खड्यांची चक्कर धरली तरी ऐंशीच्या वयापर्यंत जवळपास दर दहातल्या एकाला ती होऊन गेलेली असते. अमेरिकेत २००१ ते २००४ या काळात चाळिशीच्या पुढच्या पाच हजारांवर लोकांना डोळे मिटून जाड फोमवर उभं राहायला सांगितलं. डोळे मिटले, पायाखालची जमीन मऊ, म्हणजे सगळा भार कानाच्या तोलावर. शंभरातले पस्तीस उभे राहू शकले नाहीत. ज्यांना त्यासोबत चक्करची तक्रारही होती, त्यांची पडण्याची शक्यता इतरांच्या बारापट होती. मला सगळ्यात चटका लावून गेला तो एक छोटासा अभ्यास. तिथल्या शहरातल्या एका वृद्धांच्या दवाखान्यात भलत्याच तक्रारी घेऊन आलेल्या १०० जणांना तपासलं, तर त्यातल्या नऊ जणांच्या कानात हे खडे सरकलेले निघाले. त्यांनी स्वतःहून सांगितलंच नव्हतं. म्हातारपणी असं होतंच, असं धरून बसले असावेत.

आपल्या ओसऱ्या-पडव्यांवर असे किती जण बसलेत याचा विचार करा. जी आजी "मला आता आडवं होववत नाही" म्हणून रात्रभर खुर्चीत बसून झोपते, जे आजोबा झेला उंच धरून आंबा काढायला गेले की मटकन खाली बसतात, त्यांना घरचे म्हणतात, उन्हाने झालं.

मग कळत का नाही? कळायला लागतो एक पलंग, दोन हात आणि दोन मिनिटं. डिक्स आणि हॉलपाइक या डॉक्टरांनी ही तपासणी १९५२ मध्ये लिहून ठेवली आहे. पेशंटला पलंगावर पाय लांब करून बसवायचं. मान एका बाजूला ४५ अंशांत वळवायची. डोळे उघडे ठेवायला सांगून झटक्यात मागे निजवायचं, डोकं पलंगाच्या कडेखाली जरासं लोंबतं ठेवायचं. आणि थांबायचं. दोन-चार सेकंद काहीच होत नाही. मग डोळ्यांची बुबुळं थरारायला लागतात, वर उसळतात, गोल वळल्यासारखी होतात. पेशंट माझं मनगट घट्ट धरतो आणि म्हणतो, "हेच, हेच ते." वीस-तीस सेकंदांत सगळं शांत होतं. त्या क्षणी निदान झालेलं असतं. कुठल्या कानाला आहे तेही कळलेलं असतं. हे खडे एमआरआयमध्ये दिसत नाहीत, मानेच्या एक्स-रेमध्ये तर नाहीच नाही. साठीच्या माणसाच्या मानेचा एक्स-रे काढला तर झीज दिसणारच. तुमच्या शेजाऱ्यांचा काढा, त्यांच्यातही दिसेल.

उपायही हातांचाच. अमेरिकेतले कानाचे डॉक्टर जॉन एप्ली यांनी १९८० च्या सुमारास ही युक्ती काढली. सहकाऱ्यांचा विश्वास बसेना, छापून यायला १९९२ उजाडलं. निजवलेल्या अवस्थेत डोकं दुसऱ्या बाजूला वळवायचं, मग सगळं अंग त्याच कुशीवर घेऊन नाक जमिनीकडे करायचं, मग उठवून बसवायचं. प्रत्येक ठिकाणी अर्धा-एक मिनिट थांबायचं. नळी ज्या वळणाने जाते त्याच वळणाने डोकं फिरवत खडे परत पिशवीत सोडून द्यायचे, एवढंच. बहुतेकांना एक ते तीन वेळांत आराम पडतो.

मला हे लिहिताना एक जुनी गोष्ट टोचते, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत मीही चक्करच्या पेशंटला गोळी लिहून देत होते. दाभोळच्या खाडीपलीकडून एक आजी यायच्या. फेरीबोटीने यायचं, एसटी पकडायची, गोळी न्यायची, महिन्याने परत. असं दीड वर्ष. नंतर मी ही युक्ती शिकून आले आणि एका सकाळी त्यांच्यावर केली. पाच मिनिटांनी त्या उठून बसल्या, मान मागे टाकून छताकडे बघितलं, पुन्हा बघितलं. मग शांतपणे म्हणाल्या, "एवढंच होतं, तर आधी का नाही केलंस गो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दीड वर्षाचा त्यांचा खर्च मी कधीच भरून देऊ शकले नाही.

म्हणून तुमच्या वहीतले ६१ हजार मला परके वाटत नाहीत. श्रीमंत देशांतही हेच चाललंय, फक्त रकमा मोठ्या आहेत. अमेरिकेत २०११ या एका वर्षात चक्कर म्हणून तातडीच्या विभागात ३९ लाख खेपा झाल्या आणि खर्च आला ३९० कोटी डॉलर. तिथल्या तातडीच्या विभागांच्या एकूण खर्चातला जवळपास चार टक्के वाटा. त्यातले सुमारे १२ टक्के स्कॅनचे, आणि साधा सीटी स्कॅन अशा वेळी फार क्वचित काही सांगतो. एकट्या या खड्यांच्या चक्करचं निदान होईपर्यंत माणशी दोन हजार डॉलरच्या आसपास जातात, असा तिथल्या तज्ज्ञांचाच हिशेब आहे. जो आजार उघड्या हातांनी ओळखता येतो, त्याच्यावर! वर कामाचे बुडालेले दिवस वेगळे.

तिथे ही रक्कम विमा कंपनीच्या किंवा सरकारच्या खात्यात दिसते, म्हणून कुणीतरी बसून मोजतं. आपल्याकडे देशाच्या एकूण आरोग्यखर्चातले २०२१-२२ मध्येही जवळजवळ ३९ टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून घातले. महात्मा फुले योजना दाखल होऊन करायच्या ठरावीक उपचारांना आहे. बाहेरच्या विभागातल्या चक्करला, एक्स-रेला, अकरा महिन्यांच्या गोळ्यांना कोण विचारतं? शिवाय बाबा एकटे जाऊ शकत नाहीत, म्हणजे सोबत कुणीतरी, म्हणजे त्याचीही मजुरी बुडाली. मुंबईला राहण्याचं तुम्ही वहीत लिहिलंय का? आणि होडी इतके दिवस तांडेलाशिवाय गेली किंवा गेलीच नाही, ते? हा सगळा आरोग्यव्यवस्थेचाच खर्च आहे, ताई. तो तुमच्या घरात पडतो म्हणून कुणाच्या अहवालात येत नाही.

मनगटाचं प्लॅस्टरही याच खात्यात लिहा. जगभरात दर वर्षी पडून सुमारे ६,८४,००० माणसं दगावतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यातली ऐंशी टक्के आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. मनगटावर निभावलं हे आपलं नशीब. खुब्याचं हाड असतं तर आज तुम्ही मला वेगळं पत्र लिहिलं असतं.

आता दुसरा प्रश्न. इंजिन विकू नका. आधी ही एक तपासणी होऊ द्या.

दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात फोन करून किंवा जाऊन विचारा, कान-नाक-घशाचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तिथे नसतील तर रत्नागिरीला जा, तिथे आता सरकारी मेडिकल कॉलेजही आहे. खाजगी डॉक्टर बघायचे असतील तर आधी एवढंच विचारा, "तुम्ही डिक्स-हॉलपाइक करून बघता का? एप्ली करता का?" हे विचारण्यात उद्धटपणा काही नाही. मला कुणी विचारलं तर मला बरंच वाटेल. जाताना जुना एमआरआय न्या, म्हणजे पुन्हा करायला सांगणार नाहीत. आणि एक काम घरीच करा. पुढच्या वेळी गरगर सुरू झाली की बाबांना डोळे उघडे ठेवायला सांगा आणि मोबाईलवर त्यांच्या डोळ्यांचा जवळून व्हिडिओ काढा. अर्ध्या मिनिटाचा. बुबुळं कशी हलतात हे दिसलं तर डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

मोबाईलवर बघून घरच्या घरी एप्ली मात्र आत्ता करू नका. कान कोणता, नळी कोणती हे ठरलेलं नाही, आणि बाबांचं मनगट नुकतंच मोडून बरं झालंय. एकदा निदान झालं की डॉक्टर तुम्हालाच शिकवतील, मग पुढच्या वेळी घरी करता येईल. पुढची वेळ येऊ शकते, हेही आधीच सांगते. पाच वर्षांत निम्म्या लोकांना खडे पुन्हा सरकल्याचा अनुभव येतो. ड जीवनसत्त्व तपासून घ्या. कोरियात २०२० मध्ये ९५७ पेशंटांवर झालेल्या अभ्यासात कमी असलेलं ड जीवनसत्त्व भरून काढलं, कॅल्शियम दिलं, तर पुन्हा होण्याचं प्रमाण सुमारे चौथ्या हिश्शाने घटलं. उन्हात आयुष्य गेलेल्या माणसालाही ते कमी असू शकतं.

तपासणीत खडे निघाले नाहीत तर? मग दुसरी कारणं आहेत. अर्धशिशीची चक्कर, कानाच्या नसेची सूज, कान भरून येऊन ऐकू कमी होणारा मेनिएरचा आजार. तेव्हा पुढचं बघू. त्यातही लगेच दाखल व्हायची वेळ क्वचितच.

दाखल कधी व्हायचं, हे मात्र घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या. गरगर तासन्‌तास थांबतच नाही आणि त्याबरोबर बोलणं अडखळतंय, एकाचे दोन दिसताहेत, तोंड वाकडं होतंय, हातापायातली शक्ती जातेय, आधाराशिवाय बसता-उभं राहताच येत नाही, अचानक कधी नव्हे एवढं डोकं दुखतंय, किंवा एका कानाचं ऐकणं एकदम गेलंय. यातलं एक जरी असलं तरी १०८ ला फोन करा. तो मेंदूचा झटका, म्हणजे स्ट्रोक, असू शकतो आणि तिथे मिनिटं मोजायची असतात. अशा वेळी पहिला सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून घरी परतू नका. मेंदूच्या मागच्या भागातला ताजा झटका त्यात बऱ्याचदा दिसत नाही.

तोवर घर थोडं आवरा. पडवीच्या जांभ्याच्या पायरीवर पावसात शेवाळ धरतं, ती खराट्याने घासून घ्या आणि भिंतीला एक बांबू आडवा ठोका, धरायला. न्हाणीघरातही. रात्री मोरीकडे जाण्याच्या वाटेवर बारका बल्ब चालू राहू दे, वीज गेली तर उशाला बॅटरी. अंधारात माणसाचा डोळ्यांचा आधार जातो आणि सगळा भार कान आणि पायांवर येतो, पडझड तेव्हाच होते. बाबांना मोतीबिंदू आहे का ते बघून घ्या. विहिरीत वाकून बघणं, माडाकडे मान वर करून बघणं, शिडी, हे तूर्त बंद. गळ्याचा पट्टा काढून ठेवायला हरकत नाही ना, हे डॉक्टरांना विचारा. मला तो नकोच वाटतो. मान जखडली की माणूस लाकडासारखा चालतो आणि तोल आणखी जातो.

खडे जागेवर गेल्यावरही या वयात काही दिवस हलकं-हलकं वाटतं. तेव्हा झोपून राहायचं नाही. भरती ओसरल्यावर पुळणीची ओली, टणक वाळू असते, तिथे कुणाला तरी सोबत घेऊन सकाळ-संध्याकाळ चालायचं. चालताना डावीकडे समुद्र, उजवीकडे गाव, असं मान वळवत बघायचं. मेंदूला तोल पुन्हा शिकवावा लागतो आणि तो हलूनच शिकतो.

बंदरावरच्या बोलण्याचं मला फार वाईट वाटलं. ज्या माणसाने चाळीस वर्षं हलत्या फळीवर उभं राहून जाळी ओढली, त्याच्या चालण्यावरून लोकांनी असं बोलावं. पण त्यांनाही माहीत नाही, जसं दवाखान्यात कुणी सांगितलं नाही तसं तिथेही कुणी सांगितलं नाही. त्यांना रागावू नका. एखाद्या संध्याकाळी लिलावाच्या वेळी तुम्ही बाबांच्या बरोबर जा, हाताला धरून. कुणी काही बोललं तर ढोमीच्या डोक्यातले दोन खडे तळहातावर ठेवून दाखवा आणि सांगा, बाबांचे हे हललेत. कोळणींना ते माझ्यापेक्षा लवकर कळेल. तिथेच एखादी म्हणेल, "अगो, मला पण कुशीवर झालं की असंच होतं." तिलाही दापोलीला घेऊन जा.

राहिला बाबांचा प्रश्न. त्यांना सांगा, आज नाही. खडे बसेपर्यंत आणि हाताची थरथर उतरेपर्यंत होडीवर पाय ठेवायचा नाही. खोल पाण्यात गरगर आली तर वर-खाली कळत नाही आणि पोहणारा माणूसही बुडतो. एप्लीनंतर आठ-दहा दिवस काही झालं नाही, कूस बदलून, वाकून, वर बघून सगळं नीट राहिलं, की आधी बंदरात नांगरलेल्या होडीवर बसायचं. मग खाडीत, मुलाला बरोबर घेऊन. थरथरीला वेळ लागेल, तोवर सुकाणूवर मुलगा आणि शेजारी बाबा. पावसाळी बंदी उठून होड्या पुन्हा लोटतील तेव्हा त्यांनी होडीवर असावं असं मलाही वाटतं. कोणता कान निघाला, डावा की उजवा, ते मला दोन ओळींत कळवा.